आपल्या आवारातले पाणी दुसऱ्याच्या दारात ढकलण्याची मुभा कोणी दिली?

तासभर जोराची सर आली की आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, तळमजल्यावरच्या घरांत मैलापाणी उलटे येते, आणि पाणी ओसरल्यावर संबंधित कार्यालयातून दर वेळी एकच उत्तर मिळते की पाऊस अपेक्षेपेक्षा जास्त झाला. या उत्तराचा मला आता मनस्वी संताप येतो. ती अपेक्षा कोणी ठरवली आणि कोणत्या काळातल्या पावसावरून ठरवली, हे विचारले की समोरचा माणूस गप्प होतो.

पर्जन्यजलवाहिन्यांचा आकार ठरवताना जुन्या नोंदींवरून एक आकडा काढला जातो. अमुक तीव्रतेचा पाऊस सरासरी पाच किंवा दहा वर्षांतून एकदा पडेल, तेवढा वाहून नेता आला की पुरे, असा तो हिशेब असतो आणि पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल हे त्यात गृहीत धरलेले असते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. तापलेल्या हवेतून थोड्या वेळात अधिक जोराचा पाऊस कोसळणार, हे ओळखायला आणखी किती वर्षे हवीत? तरीही जुनाच आकडा धरून नव्या वाहिन्या टाकल्या जातात.

पावसाची तीव्रता ही मात्र त्या हिशेबाची एकच बाजू आहे. पडलेल्या पावसापैकी किती वाहून जाईल हे जमिनीच्या पृष्ठभागावर ठरते, आणि ही दुसरी बाजू पूर्णपणे माणसांच्या हातात असूनही सर्वांत जास्त बेपर्वाई तिथेच चालते. गवताळ, सपाट, मुरमाड जमिनीवरून पावसाचा लहानसा भाग वाहतो; डांबर आणि काँक्रीटवरून मात्र ७० ते ९५ टक्के पाणी निघून जाते, असे अभियंत्यांच्या नेहमीच्या कोष्टकांतच छापलेले असते. एका चौरस मीटरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या आवारात तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर २५,००० लिटर पाणी होते. त्या आवारात माती असताना त्यातले बरेचसे तिथेच जिरत होते. चिखल नको, गाड्या नीट उभ्या राहाव्यात म्हणून सिमेंटच्या थरावर पेव्हर ब्लॉक बसवले, उतार फाटकाकडे काढला आणि जोते उंच करून घेतले, की जवळजवळ सगळे पाणी रस्त्यावर येते आणि रस्त्यावरून खालच्या अंगाच्या घरांत शिरते. ज्याने हे केले त्याचे आवार कोरडे राहते. ज्याच्या घरात पाणी शिरले त्याने यात काहीही केलेले नसते. अशी शेकडो आवारे एकेक करून फरसबंदीखाली जातात, प्रत्येकाला सुटी परवानगी मिळते किंवा परवानगीची गरजच पडत नाही, आणि या सगळ्यांची बेरीज कोणाच्याही टेबलावर नसते.

सार्वजनिक कामेही याच वाटेने जातात. जुना थर न खरवडता त्यावर डांबराचा नवा थर चढवला जातो, त्यामुळे रस्ता दर खेपेला उंच होतो, कडेची पाणी आत घेणारी तोंडे अर्धी बुजतात आणि जुनी घरे रस्त्याच्या पातळीखाली जातात. गटारातून उपसलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवतात आणि पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा आत जातो. झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते. हे सगळे दिवसाउजेडी, सर्वांच्या देखत होते.

यावर उपाय विचारला की अजून मोठी वाहिनी टाकू, एवढेच सांगितले जाते. मोठ्या वाहिनीने पाणी लवकर पुढच्या वस्तीत पोहोचते आणि पूर तिथे येतो. शेवटच्या टोकाला नदीची किंवा समुद्राची पातळी चढलेली असेल, तर तेच पाणी मागे फिरते. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी साधारण दोन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि पुढच्याच वर्षी त्या शहराने आराखडा केला: काही रस्ते पाणी वाहून नेतील, काही उद्याने आणि चौक ते थोपवून धरतील. रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकात २०१३ पासून एरवी मुले खेळतात आणि मुसळधार पावसात त्याच खोलगट मैदानांत सुमारे १७ लाख लिटर पाणी थांबते. जर्मनीत तर किती जमीन फरसबंदीखाली झाकली, त्यावर पावसाच्या पाण्याचे शुल्क आकारले जाते. फरसबंदी उखडून माती मोकळी करणाऱ्याचे शुल्क कमी होते. मला यांपैकी हा शेवटचा उपाय सर्वांत न्याय्य वाटतो, कारण त्यात पाणी ढकलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

अशा उपायांना नाक मुरडणारे लोक चीनमधल्या चंगचौचे उदाहरण पुढे करतात. तिथे पाणी जिरवण्याच्या योजनांवर मोठा खर्च झाला होता, आणि तरीही २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडून शहर बुडाले, भुयारी रेल्वेत माणसे दगावली. इतका पाऊस कोणतीही बाग जिरवू शकत नाही, हे मान्यच आहे. त्यासाठी वेळेवर इशारा देणे आणि भुयारी मार्ग तत्काळ बंद करणे हाच इलाज असतो. पण आमचा रस्ता एका सामान्य सरीत बुडतो. तिथे चंगचौचा दाखला देणे ही शुद्ध पळवाट आहे.

जे थोडेफार उपाय केले जातात, त्यांचीही आबाळ होते. पाणी झिरपू देणारे ब्लॉक धुळीने बुजले की साध्या काँक्रीटसारखेच वागतात, म्हणून त्यांच्या फटी नियमित साफ कराव्या लागतात. ते काम कोणाकडेच सोपवलेले नसते. शोषखड्डे बांधकामाचा दाखला मिळवण्यापुरते खणले जातात, छतावरून येणारा पाइप कधीच तुटलेला असतो आणि पुन्हा तपासायला कोणी फिरकत नाही. उन्हाळ्यात त्याच इमारतीतले लोक विहीर आटल्याची तक्रार करतात.

आता रस्त्यावर पुन्हा डांबर पडणार असेल, तर आधी जुना थर खरवडा, पातळी मोजून ती लोकांसमोर लावा. आणि ज्या आवाराला नवी फरसबंदी करायची आहे, त्याने वाढीव पाणी आपल्याच हद्दीत कुठे थांबवणार हे नकाशावर दाखवल्याशिवाय त्याला एक ब्लॉकही बसवू देऊ नका.