‘अंधारातला दगड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब,

तात्पुरत्या पेसिंगच्या (मंद पडलेल्या हृदयाला बाहेरच्या यंत्रानं विजेचे ठोके देण्याच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘सी-आर्म नसताना फुग्याची वायर सरकवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. तालुक्याच्या पोरांना असले नुस्खे देऊ नका.’ (सी-आर्म म्हणजे वायर कुठं आहे ते दाखवणारं एक्स-रे यंत्र; फुग्याची वायर म्हणजे टोकाशी फुगा असलेली, शिरेतून हृदयात सोडायची पेसिंगची वायर.) मुद्द्याचं नंतर बघू. आधी ‘पोरं’ आणि ‘नुस्खे’. ही पोरं एमडी झालेली आहेत. किनवटहून नांदेड गाठायला तीन तास जातात आणि तेवढ्यात पूर्ण हार्ट ब्लॉकच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे संकेत खाली पोचतच नाहीत अशा) पेशंटचं काय होतं, हे त्यांनी पाहिलंय. मीही अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजचाच विद्यार्थी, वीस वर्षं आयसीयूत आहे. नुस्खे वाटत बसलेलो नाही.

एक चूक मान्य. वायर पेसिंगच्या यंत्राला जोडण्याच्या ओळीत पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे छापले गेले होते. टोकाचा इलेक्ट्रोड निगेटिव्हला, मागचा पॉझिटिव्हला. उलट जोडलं तरी बहुधा पेस होतं, पण थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारा किमान करंट) चढतो. दुरुस्त केलंय.

आता तुमचा अंधार. उजव्या इंटर्नल जुग्युलरमधून (मानेतल्या मोठ्या शिरेतून) उजव्या वेंट्रिकलची (खालच्या कप्प्याची) वाट जवळजवळ सरळ आहे. शीथ (वायर आत सोडायला शिरेत बसवायची नळी) 6 फ्रेंच, वायर 5 फ्रेंच; फ्रेंच हे जाडीचं माप. फुगा आधी पाण्यात तपासायचा. वायर 15 ते 20 सेंमी आत गेली, म्हणजे टोक शीथबाहेर पडलं, की पाकिटावर लिहिलेली हवा भरायची. सहसा दीड मिलीच्या आत. टोकाचा इलेक्ट्रोड ईसीजीच्या व्ही-1 लीडला जोडायचा, आणि ईसीजी मशीन बॅटरीवर, भिंतीच्या प्लगवर नाही. गळका करंट थेट हृदयात जातो. ॲट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) पी (ईसीजीवरची पहिली लाट) उंच दिसतो, वेंट्रिकलमध्ये शिरताच क्यूआरएस (मधली टोकदार लाट) एकदम मोठा होतो. तिथं फुगा रिकामा करून वायर हलकेच पुढे. एसटी (क्यूआरएसनंतरची रेघ) उचलला की वायर हृदयाच्या भिंतीला टेकली. फुगलेला फुगा मागे ओढलात तर ट्रायकस्पिड झडपेची (उजव्या दोन कप्प्यांमधल्या) वाट लागते.

मग थ्रेशोल्ड. 1 मिलिअँपिअरच्या आत आला तर उत्तम; आउटपुट त्याच्या दोन-तीन पट. पेस झालेला क्यूआरएस लेफ्ट बंडल ब्लॉकसारखा (डाव्या बाजूला संकेत उशिरा पोचल्यासारखा) हवा. राइटसारखा आला तर वायर कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाच्या स्वतःच्या शिरेत) तरी शिरली किंवा भिंतीपार तरी गेली, असं धरून चाला. यात दगड कुठं आहे? टप्प्याटप्प्याला ईसीजी सांगतोय. मांडीच्या शिरेतून मात्र सी-आर्मशिवाय नको, हे लेखातच होतं. वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

संसर्ग, खर्च, संमतीपत्र हे तुमचे बाकीचे मुद्दे पुस्तकात आहेत, तिथंच असू द्या.

झोडपायचंच होतं तर बिट्टीवर (पिवळ्या कण्हेरीवर; तिच्या विषानंही ब्लॉक होतो) झोडपायचं. बिट्टीच्या बिया खाल्लेल्याचं हृदय इतकं चिडलेलं असतं की वायरच्या नुसत्या स्पर्शानं व्हीएफ (वेंट्रिकलची नुसती थरथर, रक्त पुढे जातच नाही) होऊ शकतो. डिफिब्रिलेटर (शॉक द्यायचं यंत्र) शेजारी तयार नसेल तर वायरला हात लावू नये. हे मीच लिहायचं राहिलं होतं, आणि तुमच्याही नजरेतून सुटलं. आणि हृदय थांबलेलं असताना फुगा वाहून न्यायला रक्तप्रवाहच नसतो. तिथं छातीवर चिकटवायचे पेसिंगचे पॅड.

वायर टाकून पेशंट मोठ्या रुग्णालयात रेफर करणाऱ्यांनी शीथच्या तोंडाशी वायर किती सेंमीवर आहे ते कागदावर लिहून द्यावं. खड्ड्यांत ती सरकते, आणि पेशंट पोचल्यावर तो आकडा तुम्हालाच लागणार आहे.