काळी गाय आणि शनिवारचा वर्ग

परवा एका पालकांनी मला विचारले, "सर, तुमची चित्रे पुस्तकांत छापून येतात, मग चित्रकलेचा क्लास कशाला घेता?" त्यांच्या प्रश्नात आपुलकी होती आणि थोडी कीवही होती. पैशाचा भाग खराच आहे. एका मुखपृष्ठाचे मानधन पुस्तक बाजारात आल्यावर आठ महिन्यांनी मिळाले आणि तोवर घरभाडे वर्गाच्या फीवरच निघाले. तरीही उद्या सगळे प्रकाशक वेळेवर पैसे देऊ लागले (तसे होणार नाही, हे सोडा), तरी मी शनिवारचा वर्ग बंद करणार नाही.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका गोष्टीसाठी मी म्हैस काढली होती. छापील पुस्तक मोठ्या अभिमानाने आमच्या गवळ्यांना दाखवले, तेव्हा ते पानाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, ही म्हैस न्हवं, काळी गाय हाय." कान शिंगांच्या खाली असतात, ते मी वर काढले होते, आणि आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशीची शिंगे खांद्याच्याही मागे जातात, तिथे मी दोन आखूड कंस देऊन मोकळा झालो होतो. जन्म कोल्हापुरात गेला, पण म्हैस मी पाहून काढली नव्हती. ती हाताला पाठ होती.

वर्गातही तेच दिसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो, आणि त्यासाठी अनेक ठिकाणी मुलांकडून 'बाजार', 'बसथांबा', 'पावसाळा' अशी ठरीव चित्रे माणसांच्या जागांसकट घटवून घेतली जातात. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, त्यामुळे पालकांना दोष देता येत नाही. मला मात्र हे चुकीचे वाटते, कारण जे कधी पाहिलेच नाही त्याचे स्मरण कसले?

म्हणून मी मुलांना संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेतो. तिथे म्हशी उभ्या असतात, समोर धार काढली जाते आणि लोक फेसाळ दुधाचे ग्लास उभ्याउभ्या संपवतात. सातवीतली एक मुलगी थेट म्हशीच्या मागे बसली आणि तिने फक्त कमरेची वर आलेली दोन हाडे, शेपूट आणि त्यापलीकडे ग्लास धरलेला एक हात एवढेच काढले. परीक्षेत या चित्राला किती गुण मिळतील, मला शंका आहे. पण त्या दोन हाडांवरची ताणलेली कातडी मला स्वतःला कधी दिसली नव्हती. घरी येऊन मी माझी वही उघडली आणि तीच हाडे दहा वेळा काढली.

चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरात परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. एकच तळे इतक्या वेळा कशाला रंगवायचे, हे मला पूर्वी कळत नसे. आता दर वर्षी नवी मुले घेऊन त्याच कट्ट्यावर जाताना थोडेसे कळते.

सध्या हातात असलेल्या पुस्तकात पुन्हा एक म्हैस आहे. शिंगे मजकुरात घुसतात, ती लहान करावीत, असे संपादकांनी कळवले आहे. मी मजकूर दोन ओळी वर घ्यायला सांगितला आहे.