होमपेजवरून उडालेली खडाजंगी

काल कट्ट्यावर जोरदार जुंपली, विषय आमच्या साईटचं होमपेज. साईट आम्ही सगळ्यांनी मिळून उभी केलीये, कुणाला त्याचे पैसे मिळत नाहीत, प्रत्येकाचा जीव अडकलाय तिच्यात, म्हणूनच भांडण एवढं पेटलं असं मला वाटतं.

सुरुवात सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राने केली. म्हणाला, पान जड झालंय, मोठा सर्व्हर घेऊ, विषय संपला. डिझाइन बघणारी मैत्रीण लगेच म्हणाली, "माझ्याकडे तर झटकन उघडतं, उगाच बाऊ करताय." मी म्हटलं, अगं तुझ्याकडे उघडणारच, तू दिवसातून दहा वेळा येतेस, फोटो, फॉन्ट सगळं तुझ्या ब्राउझरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याने जपून ठेवलेल्या साठ्यात, पडलेलं असतं, पहिल्यांदा येणाऱ्याचं काय? मग मी माझा जुना फोन काढला, इनकॉग्निटो विंडो उघडली, म्हणजे आधीचा साठा वापरला जात नाही, आणि म्हटलं, मोजा. सहा आकडे झाले तरी नुसतं पांढरं! मग मथळे आले, तिने एका लेखावर बोट टेकवायला आणि वर स्लायडरचा, म्हणजे आळीपाळीने सरकणाऱ्या फोटोंच्या पट्टीतला, फोटो येऊन आदळायला एकच गाठ पडली, अख्खं पान खाली सरकलं आणि भलतीच लिंक उघडली. ती काही बोलली नाही, पण चेहरा पडला तिचा.

गूगलने याची मापं घालून दिलीयेत. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल दिसावी, आणि पान सरकण्याचा जो आकडा काढतात तो ०.१ च्या वर जाऊ नये, तेही १०० पैकी किमान ७५ वेळा. आपल्या फोनवर एकदा पटकन उघडलं म्हणून पास, असं नसतं ते.

"पण मी सगळ्या फोटोंना लेझी लोडिंग लावलंय की, लागेल तेव्हाच फोटो येतो!" मैत्रीण म्हणाली. तिथेच तर घोळ आहे. खाली लांब असलेले फोटो उशिरा आणले तर उत्तम, पण जो फोटो पान उघडताच समोर दिसायचाय त्यालाही "सावकाश ये" सांगितलं तर तो सावकाशच येणार. तो सगळ्यात आधी मागवायला हवा, आणि प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहायला हवी म्हणजे ब्राउझर तेवढी जागा आधीच धरून ठेवतो, पान उड्या मारत नाही. आणि फोटो तरी केवढा, ४००० बाय ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाईट धरले तर पूर्ण उलगडल्यावर ४८ एमबी मेमरी, आणि फोनवर दिसतो केवढा तर तळहाताएवढा. वेबपी या फोटोच्या प्रकारात फाईल हलकी होते हे खरं, पण आधी आकार कमी करा ना.

सर्व्हरवाला परत आपल्या मुद्द्यावर. मी म्हटलं, अरे, नवी जोडणी झाली की सर्व्हर पहिल्या खेपेत साधारण १४ केबीच पाठवतो, पलीकडून पोच आली की मग पुढची खेप वाढवत नेतो, लांबच्या माणसाची रेंज कमी असेल तर ही येजाच वेळ खाते, तिथे तुझा मोठा सर्व्हर काय करणार? आणि डेटाबेसवर, म्हणजे जिथे सगळे लेख साठवलेत तिथे, ताण कशाचा आहे ते तूच सांग. तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "एकूण लेखन किती" हा आकडा दाखवायला दर भेटीला त्यातलं लेखांच्या नोंदींचं अख्खं टेबल मोजलं जातं.

लॉगिन न केलेल्या सगळ्यांना होमपेज एकच दिसतं, मग एकदा तयार करून मिनिटभर तेच का नाही द्यायचं? मिनिटाला ३०० जण आले तर ३०० वेळा पान बनवण्याऐवजी एकदाच बनवायचं. तो म्हणाला, मग नवीन लेख मिनिटभर उशिरा दिसेल, लोक ओरडतील. आमच्यातला दादा, जो तोवर नुसता ऐकत होता, म्हणाला, लेख प्रकाशित झाला की कॅश, म्हणजे ते साठवलेलं पान, तेव्हाच पुसायची, त्यात काय! इथे मात्र सर्व्हरवाल्याने दोन गोष्टी अचूक पकडल्या. एक, लॉगिन केलेल्या माणसाचं नाव असलेलं पान चुकूनही दुसऱ्याला जाता कामा नये. दुसरी, कॅश पुसल्याक्षणी सगळी गर्दी एकदम डेटाबेसवर तुटून पडते, म्हणून नवं पान तयार होईपर्यंत जुनंच देत राहायचं. हे मला सुचलं नसतं.

फॉन्टवर मात्र एकमत झालंच नाही. देवनागरीत जोडाक्षरांचे आकार भरपूर, त्यामुळे फॉन्टची फाईल फुगते, आणि आम्ही तर दोन फॉन्ट, वर ठळक अक्षरांच्या वेगळ्या फायली लावल्यात. माझं म्हणणं, आधी फोनमधल्याच फॉन्टमध्ये मजकूर दाखवा, आपला आला की बदला. मैत्रीण म्हणते, अक्षरं डोळ्यांदेखत बदललेली फार वाईट दिसतात. दिसतात, मान्य, पण रिकाम्या पानापेक्षा वाचता येणारं पान कधीही बरं यावर मी ठाम आहे.

शेवटी दादा म्हणाला, प्रत्येकाने येऊन होमपेजवर एकेक गोष्ट वाढवलीये, काढली कुणीच नाही. खरंय ते. भेटींचा काउंटर मी लावला होता, त्याची स्क्रिप्ट, म्हणजे तो चालवणारा छोटा कोड, दुसऱ्याच सर्व्हरवरून येते आणि ती येईपर्यंत पान अडकून बसतं, तो मी रात्रीच काढला. टेबल मोजणं बंद करून आकडा तासातून एकदा काढून ठेवायचं सर्व्हरवाल्याने कबूल केलं. स्लायडरचं अजून ठरलेलं नाही, एकच फोटो ठेवू असं मी म्हणतोय, पण मैत्रीण निघताना माझा जुना फोन मागून घेऊन गेली, म्हणाली चारही फोटो लहान करून आधी यावर बघते, मग बोलू.