चौथा एकर

कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी माझा तक्ता हातात घेतला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने रेघा ओढून दुसऱ्याच एका मुलीला स्कॉलरशिपच्या ऑफिसचा रस्ता काढून दिला. "इथनं सरळ जा, पोस्टाजवळ डावीकडं." ती मुलगी "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि कागद घडी घालून घेऊनच गेली. माझा कागद. रंगीत प्रिंट होती ओ ती!

मी बेळगावात, उद्यमबागेत एका फाउंड्रीत प्लॅनिंगला आहे. कुठल्या दिवशी कुठलं कास्टिंग ओतायचं, वाळू कधी येणार, गाडी कधी लागणार, हे मी आधी कागदावर बसवतो. मग तसं काही होत नाही, ही गोष्ट वेगळी. पण कारखान्यात निदान माझा कागद सुलटा तरी धरतात.

तक्ता थोरलीच्या ऑनर्सचा होता. तिने प्रवेश घेतला २०२३ मध्ये. तेव्हा कर्नाटकात चार वर्षांची ऑनर्स होती. नवं शैक्षणिक धोरण २०२१ मध्ये देशात सगळ्यांच्या आधी आम्ही लावलं, म्हणून तेव्हा केवढी फुशारकी! मे २०२४ मध्ये सरकारने ते गुंडाळलं, परत तीन वर्षांची डिग्री आणली आणि अधल्यामधल्या बॅचना सांगितलं, तुम्हाला हवं असेल तर करा चौथं वर्ष. धाकटी नेमकी २०२४ ची, तिला चौथं वर्षच नाही. बहिणीचा मुलगा चंदगडला. त्याच्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, चार वर्षांचं प्रकरण आता कुठं अंगवळणी पडतंय. दिवाळीला एका पंगतीत बसणारी तीन पोरं आणि तिघांच्या डिग्र्यांची मापं तीन. राज्याच्या ज्या शिक्षण आयोगाच्या अहवालावरून आमचं चौथं वर्ष गेलं त्याचे अध्यक्ष सुखदेव थोरात, यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि मराठी माणूस. त्याचाही आम्हा सीमाभागवाल्यांना काही फायदा झाला नाही, हे आपलं सवयीने नोंदवून ठेवतो.

तर तीन वर्षांवर थांबून दोन वर्षांचं एमए करायचं, की चार वर्षं करून पुढे एकाच वर्षाचं, एवढाच प्रश्न होता. दोन्हीकडून बेरीज पाचच येते. म्हणून तर तक्ता लागला. बाईंनी तो न वाचता उत्तर दिलं, "चौथ्या वर्षाला पोरंच नाहीत आमच्याकडं. आली तर बघू. आधी ऑनलाइन भरून या."

ऑनलाइन सेंटरमध्ये गेलो तर सर्व्हर बसलेला. आणि बाकड्यावर बसलेले येळ्ळूरचे मामा. माझे कोणी लागत नाहीत. पांढरी टोपी, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जमिनीचे जुने उतारे. नवा उतारा काढायला आले होते.

"पोरीचं काय काढूलाय?"

"ऑनर्स."

"ते काय असतंय?"

सर्व्हर बंद असला की माणूस नको तेवढं सांगत बसतो. मी क्रेडिटपासून, म्हणजे अभ्यास मोजायच्या मापापासून सुरुवात केली. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. मामांनी डोळे बारीक केले.

"म्हंजे वर्षाला चाळीस."

"होय."

"चाळीस गुंठ्याचा एकर. तीन एकर ती साधी डिग्री आणि चार एकर ही तुमची. असं सरळ सांगायचं की मग!"

थोरली फिस्सकन हसली. मी हसलो नाही, कारण इतकी वर्षं मला जे जमलं नव्हतं ते मामांनी अर्ध्या मिनिटात केलं होतं.

"मधेच सोडलं तर?"

"एक वर्ष झालं तर सर्टिफिकेट, दोन झाली तर डिप्लोमा."

"पेरलं तेवढं आपलं. बरं हाय. आणि ही क्रेडिटं ठेवूलेत कुठं?"

"बँकेत. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स."

"सोसायटी की नॅशनलाइज?"

"सरकारी. सात वर्षं राहतात."

"आणि मग?"

"मग जातात."

मामा हबकले. "वहिवाट बारा वर्षं झाली की दुसऱ्याची जमीन आपली म्हणून लोक कोर्टात भांडतात, आणि हिनं स्वतः कमावलेलं सातव्या वर्षी बुडणार? कुणाला तरी विचारा ओ. वकिलाला विचारा."

आता सेंटरमधली सगळीच गिऱ्हाइकं आमच्याकडे वळली होती. मी सांगितलं, संशोधनासह ऑनर्स घ्यायची तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात आणि मग १२ क्रेडिटचा प्रबंध लिहावा लागतो.

"बारा गुंठं नुसतं लिहायला?"

"होय."

"आणि ज्याला लिहायचं नाही त्याला?"

"त्याऐवजी तीन विषय. चार-चार क्रेडिटचे."

मामा ताठ बसले. "तुकडं करू नका. सांगूलोय ऐका. बारा गुंठं एकसंध घ्या. तुकडं पाडलं की निम्मं बांधातच जातंय, आणि बांधावरनं भांडणं." मग थेट थोरलीकडे वळून, "बाळ, एकसंध घे."

थोरलीने मान डोलावली. मी तिला हेच सांगत होतो, तेव्हा तिने मोबाइलमधून डोकं वर काढलं नव्हतं.

मग मी चंदगडचा विषय काढला. महाराष्ट्रात १२० ते १३२ आणि १६० ते १७६ अशी मर्यादा आहे, सेमिस्टरला बावीस धरून भाचा १७६ च्या वाटेवर आहे.

"वर्षाला चव्वेचाळीस?" मामांनी टोपी काढून परत घातली. "पलीकडं एकर चव्वेचाळीस गुंठ्याचा हाय? तरी म्हटलं, शिनोळीत आमच्या चुलत्याचं एवढं बरं कसं चाललंय!"

सगळं सेंटर हसलं, मामा सोडून. ते खरोखर हिशेब करत होते. शेवटी त्यांनी विचारलं, या सगळ्याचा उतारा देतंय कोण? मी म्हटलं, विद्यापीठ, भूतरामनहट्टीला. "तिथं तर वाघ ठेवलाय," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. वाघ आहे हे खरंच, प्राणिसंग्रहालय तिथलंच.

एवढ्यात काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर्व्हर डाऊन अदरी, नाळे बर्रि." म्हणजे उद्या या. मामांनी "मोजणीचं काय असलं तर लावा" म्हणत आपला नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह करून घेतला आणि उताऱ्याविना गेले.

हसण्यावारी नेलं खरं, पण राग आहे. हे धोरण आलं तेव्हा सांगितलं होतं, आता मुलं आपल्या आवडीने विषय निवडणार. थोरलीने पहिल्या वर्षी खुल्या विषयांच्या यादीवर दोन रात्री घालवल्या. मिळाला तो विषय, ज्याला शिकवायला सर होते. तेही गेस्ट लेक्चरर, वर्षाच्या मध्यात गेले. पुढचे चार महिने त्या तासाला पोरी कँटीनमध्ये बसल्या, क्रेडिट मात्र पूर्ण मिळालं. दिल्लीने आणायचं, बेंगळुरूने मोडायचं, आणि अध्यात ना मध्यात असलेल्या पोरीने पुढे कोल्हापूरला प्रवेश घ्यायचा तर आपली मार्कशीट खिडकीपाशी उभी राहून समजावून सांगायची. चौथं वर्ष 'ऐच्छिक' ठेवलंय म्हणे. वर्गच निघणार नसेल तर इच्छा कुणाची आणि कशाची? मुलं नाहीत म्हणून वर्ग नाही, आणि वर्गाचा भरवसा नाही म्हणून मुलं नाहीत. हे मी कारखान्यात साहेबांपुढे ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत घरी बसवलं असतं.

काल रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, आमच्याकडं भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर आहे दोन क्रेडिटचा. तुमचा तो तक्ता असतो ना, त्यात बसवून द्या की."

मी त्याला येळ्ळूरच्या मामांचा नंबर दिला.