थ्रिलर शॉर्टफिल्म करतोयस भावा? मग एवढं करच

तर कॉलेजच्या फेस्टिवलला पाच मिनिटांची शॉर्टफिल्म द्यायचीय आणि ग्रुपवर ठरलंय की थ्रिलरच करायचा. लई भारी. कॉमेडी केली आणि लोक हसले नाहीत तर तिथल्या तिथं इज्जत जाते, पण थ्रिलर बघताना लोक गप्प बसले तर "बघ कसले गुंतलेत" म्हणता येतं, त्यामुळं निवड एकदम सेफ आहे.

पहिलं काम म्हणजे हुडी, काळी. स्टोरी नंतर बघू. खुनी हुडी घालतो हे जगभरात ठरलेलं आहे, मग शूटिंग एप्रिलमधी भर दुपारी आपल्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या काठावर का असेना. आत शिजणाऱ्या पोराला चक्कर आली तर कॅमेरा बंद करू नको, व्हिक्टिमचा शॉट पण त्यातच निघतो. भेळ खात जाणारा एखादा काका "काय रं, ताप आलाय व्हय?" म्हणाला तर तेवढा ऑडिओ म्यूट कर.

सुरुवात अलार्मनं. मोबाईल वाजतो, हात येतो, बंद करतो, हिरो उठतो, ब्रश करतो, आरशात बघतो, बुटाची लेस बांधतो, दीड मिनिट खपलं. त्याच्या आधी तुमच्या प्रॉडक्शन हाऊसचा आगीतनं फिरत येणारा लोगो, आणि शेवटी नावांची पट्टी ज्यात एकाच पोराचं नाव सहा वेळा. आता जेमतेम दोन मिनिटं उरली, त्यात पाठलाग, खून, पोलीस आणि ट्विस्ट बसवायचा. बसतो की, एडिटिंगमधी सगळं बसतं.

लायटिंगचं टेन्शन घेऊ नको. पुस्तकात लो-की लायटिंग म्हणून काहीतरी लिहिलेलं असतं, एका बाजूनं कडक लाईट मारायचा, दुसऱ्या बाजूचा फिल लाईट, म्हणजे सावली उजळणारा लाईट, जवळपास काढूनच टाकायचा, म्हणजे अर्धा चेहरा दिसतो आणि उरलेल्या अर्ध्यात काय चाललंय ह्याची बघणाऱ्याला धास्ती लागते. एक टेबललॅम्प आणि भिंतीवर टाकायला एक काळं ब्लँकेट एवढ्यात होतं म्हणे. पण एवढा कुटाणा कोण करतंय, सरळ ट्यूब बंद कर आणि मोबाईलनं शूट कर. मोबाईल बिचारा अंधारात आयएसओ, म्हणजे उजेडाची सेन्सिटिव्हिटी, चढवत बसतो आणि चित्रभर मुंग्या वळवळतात, त्याला टेक्श्चर म्हणायचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं शटर स्पीड 1/60 सेकंदावर राहिला की काही लाईटखाली स्क्रीनवर पट्टे पळायला लागतात. 1/50 नायतर 1/100 केला की बहुतेकदा जातात, पण राहू देत, हिरोच्या मनातली खळबळ आहे ती.

इथं कोणतरी शहाणा नक्की उठणार आणि म्हणणार की अरे ह्याच गावात दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला होता, आणि त्यांच्या 1920 च्या 'सैरंध्री' पिक्चरमधला कीचकवध एवढा खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. त्याला शांतपणे सांग की त्यांना उद्या सबमिशन नव्हतं.

कॅमेरा वाकडा धरायचा, कायम. 1920 च्या आसपास जर्मन सिनेमावाल्यांनी तिरक्या भिंती, वाकडी दारं, लांबच लांब सावल्या वापरल्या त्या माणसाच्या डोक्यातला तोल गेलाय हे दाखवायला, आणि पुढं कॅमेराच तिरका धरायची पद्धत पडली. आपण हिरो चहा पितानाही वाकडा धरायचा, म्हणजे चहावर पण संशय येतो. पब्लिकला मान वाकडी करून बघावं लागतं, तेवढीच त्यांची इन्व्हॉल्व्हमेंट.

रक्ताचा प्रश्न आपल्याकडं कधीच नव्हता. थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉकनं ब्लॅक अँड व्हाईटमधी रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं कारण तिथं रंग दिसत नाही, दाटपणा दिसतो. आपल्याकडं तांबडा रस्सा आहे. तर्री वर येते आणि मयताच्या शर्टावर खोबऱ्याचा कीस दिसतो हे खरं, पण पॅकअप झाल्यावर युनिटचं जेवण तिथंच उरकतं. खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बिंदू चौकात शूट करायचं असेल तर परवानगीबिरवानगीच्या नादाला लागू नको, सबजेल तिथंच आहे, जायला-यायला रिक्षाचा खर्च नाही.

आता मेन मुद्दा, सस्पेन्स. हिचकॉकचंच एक उदाहरण सगळे मास्तर सांगतात, टेबलाखाली बॉम्ब. दोघं बोलत बसलेत आणि अचानक धडाम् झालं तर बघणारा पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवलेला त्याला आधी दाखवला, घड्याळ दाखवलं, तर तीच साधी बडबड तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. समज दोघं मिसळ खात बसलेत, टेबलाखाली पिशवी आहे हे आपल्याला माहितीये, त्यांना नाही, आणि एकजण वर रस्सा मागतो, "मालक, अजून एक कट द्या की." बास, ह्या एका वाक्याला थिएटरमधी लोक ओरडतील की अरे ऊठ, कट राहू दे, ऊठ! वेटर कट आणायला जातो, दुसरा पाव संपलाय म्हणून परत हाक मारतो, तिसरा ओळखीचा भेटतो तो खुर्ची ओढून बसतोच. ह्यात हुडी नाही, वाकडा कॅमेरा नाही, एक रुपयाचा खर्च नाही मिसळ सोडून.

त्यामुळं हे अजिबात करायचं नाही. पब्लिकला काहीही कळता कामा नये. खुनी कोण हे नको, मेला कोण हेही नको, हिरो कशाला पळतोय ते तर नकोच, आणि लय विचारलं कुणी तर तुलाही माहिती नसलेलं बरं, म्हणजे तुझ्या तोंडनं चुकून फुटत नाही.

लोकेशनला पण शिस्त पाहिजे. पन्हाळ्याला धुकं आहे, अंधारबाव ही जुनी विहीर आहे, जा तिकडं, सगळेच जातात. फक्त उसाच्या फडात जाऊ नको. आत दोन हातावर माणूस उभा असला तरी दिसत नाही, पाला सळसळला की वारा आहे का कोण आहे कळत नाही, आणि तोड सुरू झाली की लपायची जागा तासातासाला कमी होत जाते. तोडकरी एका बाजूनं येतायत, आत लपलेल्याला कोयते ऐकू येतायत आणि आपण बांधावरनं दोन्ही बघतोय. पण ते गावाकडचं दिसतं ना, थ्रिलर म्हणजे कसं पार्किंग पाहिजे, बेसमेंट पाहिजे. तसंच पाठलाग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरनं नेऊ नको. संध्याकाळी तिथं म्हशी, चरव्या, ताजं दूध प्यायला आलेली गर्दी, पळणारा आडवा येणाऱ्या म्हशीपुढं थांबणारच, आणि मागनं येणारा पण. छे, थ्रिलरमधी म्हशी नसतात. शिवाय ह्या गावात पळणाऱ्याला वाटेत मामा भेटतो आणि "कुठं निघालास रं, आई बरी हाय न्हवं?" विचारतो, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही, मागं सुरा घेऊन माणूस असला तरी. सगळा टेरर जातो म्हणे.

म्युझिक पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत ढँण ढँण. शांतता आली की रंकाळ्यावरचा वारा आणि पलीकडच्या मंडळाच्या ढोलाची प्रॅक्टिस ऐकू येते, आणि डायलॉग कळत नाहीत हे पण कळतं.

ट्विस्टला तीनच व्हरायटी आहेत. स्वप्न होतं, खुनी हिरोच होता, नायतर हिरोला कुठलातरी मानसिक आजार होता, ज्याचं नाव स्क्रीनवर चुकीच्या स्पेलिंगनं येतं. तिसरा टाकलास तर वर "सामाजिक संदेश" कॅटेगरीत पण एंट्री होते, आणि असे आजार खरंच घरात असलेली माणसं हॉलमधी बसलेली असतील तर ती काय उठून बोलणार नाहीत, त्यांना सवय आहे.

स्क्रीनिंगनंतर कोण म्हणालंच, "पण भावा, त्यो मारत का होता त्याला?" तर जरा हसायचं, लांब कुठंतरी बघायचं आणि म्हणायचं, "ते मी ऑडियन्सवर सोडलंय." परीक्षकांनी तेच विचारलं तर "ओपन एंडिंग आहे सर." आईनं विचारलं तर मात्र जेवायला बस. आणि रात्रीच स्टेटसला पार्ट टूचं पोस्टर टाक, स्टोरी नसली तर नसू दे, पहिल्याला कुठं होती.