शाळा राहू द्या, समित्या एकत्र करा

वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा. पट नऊ, आणि ही नऊ मुलं सहा घरांतली. आता या शाळेची शाळा व्यवस्थापन समिती नियमाप्रमाणे बसवून पाहा. सदस्य सचिव वगळून किमान १२ सदस्य. त्यात ७५ टक्के पालक, म्हणजे नऊ. उरलेल्या तीन जागा ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शिक्षणप्रेमी यांच्या. एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सहा घरांतले आईबाप धरले तर माणसं बारा, त्यातले चार बाप मुंबईला नाहीतर बोटीवर. उरले आठ. नववा पालक आणायचा कुठून? मग एखाद्या आजीचं नाव लागतं. शिक्षकांचीही तीच तऱ्हा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंतच्या पटाला शिक्षक दोन, आणि पहिली ते पाचवीच्या शाळेत पूर्णवेळ मुख्याध्यापकाचं पद १५० च्या वर पट गेल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे दोघांतल्या एका गुरुजींकडे मुख्याध्यापकाचा पदभार, तेच समितीचे सदस्य सचिव; दुसऱ्या बाई शिक्षक प्रतिनिधी. दुसऱ्या बाईंची बदली झाली की दोन्ही टोप्या गुरुजींच्याच डोक्यावर.

कोकणातल्या शाळांवर सध्या जो वाद चालतो त्यात हे गणित कोणी मांडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळांची मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली, आणि तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, नऊ पोरांसाठी दोन पगार कशाला, गाडी लावा आणि मोठ्या शाळेत न्या. दुसरा म्हणतो, शाळा गेली की वाडी उठली. आमच्यासारखे परदेशात राहणारे तिसराच सूर लावतात, की इंग्लंडसारखी गव्हर्निंग बॉडी आणा, सगळं सुतासारखं सरळ होईल. या तिसऱ्या सुराबद्दल आधी बोलतो, कारण तो सगळ्यात अर्धवट माहितीवर लागतो.

इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनाच्या शाळेची गव्हर्निंग बॉडी किमान सात जणांची असते. त्यात निवडून आलेले पालक किमान दोन. कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी एक आणि एकच, स्थानिक प्रशासनाने सुचवलेला एक, मुख्याध्यापक स्वतः, आणि बाकीचे स्वीकृत सदस्य, म्हणजे हिशेब, बांधकाम, कायदा असं काही येणारे गावातले लोक. साधारणपणे मुदत चार वर्षं, मानधन नाही. सातात दोन पालक कुठे आणि बारात नऊ कुठे? पालकांच्या हातात शाळा देण्यात आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा कागदावर कितीतरी पुढे आहे. इथे इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये सरकारने पालक गव्हर्नरांची, म्हणजे बॉडीतल्या पालक सदस्यांची, सक्तीच काढून टाकायचा प्रस्ताव आणला होता. ओरड झाल्यावर तो मागे घेतला.

मग इथली बॉडी चालते ती कशावर? माझ्या मते एका दुर्लक्षित माणसावर, तिच्या क्लार्कवर. सभेची सूचना, विषयपत्रिका आणि कागद सात दिवस आधी पाठवणं, गणसंख्या मोजणं, इतिवृत्त लिहिणं आणि 'हे तुमच्या अधिकारात बसत नाही' असं अध्यक्षाला तोंडावर सांगणं ही त्याची कामं. आणि नियम असा की मुख्याध्यापक किंवा गव्हर्नर क्लार्क होऊ शकत नाही. शाळेत नोकरी करणारा माणूस अध्यक्षही होऊ शकत नाही. मुख्याध्यापकाला जाब विचारायचा आहे, तर त्या जाबाची नोंद मुख्याध्यापकाने करू नये, इतकी साधी गोष्ट.

आपल्याकडे नेमकं उलट आहे. अध्यक्ष पालकांतून निवडायचा, हे उत्तम. पण सभा बोलावणार मुख्याध्यापक, विषय ठरवणार मुख्याध्यापक, प्रोसिडिंग लिहिणार मुख्याध्यापक. कायद्याने समितीला मुख्य कामं तीन दिली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष. पहिलं आणि तिसरं काम ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तोच लिहून काढतो. ते प्रोसिडिंग बुक उघडून पाहा. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय २, पोषण आहाराचा आढावा. शेवटी 'ऐनवेळचे विषय', त्याखाली 'काही नाही'. प्रत्येक ठरावाला सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर'. कोणी काय विचारलं याची एक ओळ सापडत नाही. सह्या तर पुष्कळदा वहीच घरोघर फिरून गोळा करते. यात गुरुजींची लबाडी असते असं नाही. ते शिकवतात, ऑनलाइन माहिती भरतात, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवतात आणि दर महिन्याला सभाही दाखवायची असते. सभा झाली नाही तर विचारणा त्यांनाच. मग ते सभा कागदावर उरकतात.

पैशाचंही पाहू. इंग्लंडच्या बॉडीपुढे शाळेचं सगळं अंदाजपत्रक येतं, पगारासकट. १९८८ च्या कायद्यापासून ते अधिकार शाळेकडे आले. म्हणून तिथल्या प्रश्नाला वजन असतं. आपल्याकडे पगार शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीतून परस्पर होतो, आणि ३० पर्यंत पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं १० हजार रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर. उरलेल्या नऊ हजारांत वीजबिल, खडू, रजिस्टरं, झेरॉक्स आणि मे महिन्यात शाकारणी. माकडांनी फोडलेली कौलं बदलायची, वासे बघायचे, गड्याची मजुरी द्यायची. पैसे वेळेवर आले नाहीत तर कौलं गुरुजींच्या खिशातून येतात किंवा जूनमध्ये वर्गात बादल्या ठेवाव्या लागतात. बारा माणसांच्या समितीने दर महिन्याला बसून यावर देखरेख करायची, हे सांगतानाही हसू येतं.

माध्यमिक शाळांची कथा वेगळी, आणि कोकणापुरती खास. तिथे मालक म्हणजे संस्था. बऱ्याच संस्थांचं बळ मुंबईत. चाकरमान्यांनी वर्गणी काढून हायस्कूल उभं केलं, आजही वार्षिक सभा दादर-परळच्या एखाद्या हॉलमध्ये भरते. त्या वर्गणीचं ऋण मोठं आहे, ते नाकारत नाही. अडचण येते कार्यकारिणी बदलते तेव्हा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यायचा असतो. निवडणुकीत दोन गट पडले की दोन्ही गट आपापला अर्ज देतात, एकमेकांवर हरकती घेतात, आणि निकाल लागेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यापुढे प्रश्न, कोणाच्या सहीचा ठराव खरा मानायचा. याच काळात मुख्याध्यापक निवृत्त झाले तर नवीन नेमणुकीची मान्यता अडकते, आणि 'प्रभारी' हा शब्द पाटीवर वर्षानुवर्षं राहतो. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीने मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेला बांधलं आहे. त्यामुळे संस्थाचालकांची मनमानी थोडीफार रोखली जाते, हा त्याचा गुण. पण ज्येष्ठता यादीच वादात असेल तर तो गुणही कोर्टात जाऊन बसतो. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकाची जागा जाहिरात देऊन भरतात, किमान तीन गव्हर्नरांची समिती मुलाखती घेते, ज्येष्ठतेचा हक्क नाही. ऐकायला छान. भाचा-पुतण्याच्या राजकारणात ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणली तर काय होईल, हे कोकणातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

इंग्लंडही काही रामराज्य नाही. पालकांच्या जागांसाठी पुष्कळ ठिकाणी निवडणूकच होत नाही, एक जागा आणि एकच अर्ज. शाळा अकॅडमी ट्रस्टमध्ये, म्हणजे स्थानिक प्रशासनाबाहेर शाळा चालवणाऱ्या संस्थेत, गेली की खरे अधिकार ट्रस्टींकडे जातात, आणि शाळेची स्थानिक बॉडी ते देतील तेवढ्यावर चालते. डेव्हन-कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर घरं सुट्टीपुरती उघडतात आणि शाळांचा पट घटतो. तळकोकणातल्या कुलूपबंद घरांची आठवण व्हावी इतकं सारखं. पण तिथल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या वाटतात. ग्रामीण प्राथमिक शाळेबाबत सरकारी धोरणाचा कल मुळात बंद न करण्याकडे आहे. बंद करायचीच तर का, ते सिद्ध करायचं ओझं बंद करणाऱ्यावर. आणि छोट्या शाळांना फेडरेशन करता येतं: शाळा आपापल्या गावात, गव्हर्निंग बॉडी सगळ्यांची मिळून एक.

कोकणाला हे दुसरं रूप बसतं असं मला वाटतं. एका केंद्रात, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटात, धरा दहा शाळा. आज त्यांच्या दहा समित्या, १२० माणसं, दर महिन्याला एक धरली तर वर्षाला १२० सभा, आणि त्यातल्या खऱ्या किती ते केंद्रप्रमुखांनाही माहीत. त्याऐवजी केंद्राची एक समिती करा. प्रत्येक शाळेतून दोन पालक, त्यातली एक आई असलीच पाहिजे. झाले वीस. दोन शिक्षक, दोन ग्रामपंचायत सदस्य, आणि हिशेब कळणारा एखादा सहकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. सचिव मात्र या दहांपैकी कुठल्याही शाळेचा नको. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक चालेल, गावातली पदवीधर सून चालेल, तिला सभेगणिक मानधन द्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ प्रत्येक शाळेची समिती सांगतं, त्यामुळे तिथे दुरुस्ती लागेल. तोवर वाडीची समिती कायद्यापुरती ठेवून आराखडा आणि खरेदी केंद्रावर एकत्र करायला काय हरकत आहे? दहा शाळांच्या शाकारणीचं काम एका गड्याला एकदम दिलं तर तो भावही बरा लावेल.

सभा वर्षाला तीन पुरेत, पण तारखा कोकणच्या हव्यात. जुलैत लावणी, एप्रिल-मेमध्ये आंबा-काजू, तेव्हा कोणी फिरकणार नाही. पहिली सभा गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी, चाकरमानी परतीच्या गाडीत बसण्याआधी. एरवी कागदावरच असलेले बाप त्या दिवशी समोर बसलेले असतात. दुसरी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कारण आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी विकास आराखडा तयार हवा; तो शेजारच्या शाळेचा उतरवून काढायचा नसेल तर बसून लिहावा लागतो. तिसरी शिमग्यात. पालखी घरोघर फिरत असताना अर्थातच नाही, शिंपणं होऊन शिमगा आटोपल्यावर. तिच्यात विषय एकच ठेवला तरी चालेल: कुठल्या शाळेची किती कौलं फुटली आणि पावसाआधी ती कोण बसवणार.