पत्ता खरा लिहिला होता

लेस्टरमध्ये येऊन मला 27 वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मुलाने हौसेने माझी डीएनए चाचणी करायला लावली. नळीत थुंकायचं आणि पोस्टात टाकायचं, एवढंच काम. अहवालात एक अनोळखी बाई निघाली. 1973 साली मुंबईत जन्मलेली, दत्तक जाऊन स्वीडनमध्ये वाढलेली. आमचा साडेबारा टक्क्यांच्या आसपास डीएनए जुळत होता. सख्ख्या चुलत-मावस भावंडांचा सरासरी तेवढाच जुळतो. माझे बाबा एकुलते एक. आईला एकच बहीण, जन्मभर अविवाहित, गिरगावच्या चाळीत राहून महापालिकेच्या शाळेत शिकवलेली.

पुढचं सगळं मावशीच्या परवानगीने लिहिते आहे.

आधी भावाला फोन केला. तो म्हणाला, "शहात्तर वर्षांच्या बाईसमोर हे घेऊन जाणार? मानाने जगलीय ती. जुनं उकरून काय मिळणार?" भाची वकील आहे, तिचा मुद्दा जास्त वजनदार होता. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, तो हक्क मावशीलाही आहे. 2022 च्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षांवरच्या दत्तक व्यक्तीला स्वतः रूट सर्चसाठी, म्हणजे आपल्या जन्मदात्यांच्या शोधासाठी अर्ज करता येतो, तिऱ्हाइताला नाही, आणि जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लावता येत नाही. "तू तिऱ्हाईत आहेस, आत्या," ती म्हणाली. खरंच होतं ते.

इथल्या मैत्रिणींना यात अडण्यासारखं काही दिसेना. इंग्लंडमध्ये 1975 च्या कायद्याने सज्ञान दत्तक मुलांना मूळ जन्मनोंद मिळवण्याचा हक्क दिला. 1 एप्रिल 2005 नंतर वीर्यदाते आणि बीजदात्या यांनाही निनावी राहता येत नाही. आपल्याकडे 2021 च्या कायद्याने दात्याच्या मदतीने जन्मलेल्या मुलाला वाढवणाऱ्या पालकांचं जैविक मूल मानलं, दाता मात्र पडद्याआडच ठेवला. तो पडदा किती दिवस टिकेल, हे माझ्या मुलाने आणलेल्या नळीने मला दाखवलं आहे.

तरी मैत्रिणींचं म्हणणं मला पुरतं पटलं नाही. मुलाचा हक्क त्या ठासून सांगतात, पण आईचं दार वाजणार आहे याचा विचार त्यांच्या बोलण्यात शेवटी येतो. आणि घरचे आईच्या अब्रूबद्दल बोलतात तेव्हा आईला काय हवंय हे कोणीच विचारत नाही. 1863 साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा तिथे गुप्तता होती ती त्या विधवेचा जीव वाचावा म्हणून. मूल न्यायचं की तिथेच ठेवायचं, हे तिच्या मर्जीवर होतं. आपण त्यातली गुप्तता तेवढी उचलली, मर्जी विसरलो.

गेल्या जानेवारीत मुंबईला गेले. मावशी आता दहिसरला भाड्याच्या घरात राहते. चाळ पाडायची ठरली तेव्हा सगळ्यात शेवटी खोली रिकामी केली तिने. आम्ही सगळे तिला हट्टी म्हणत होतो. मटार सोलत बसलो होतो. मी फक्त एवढंच सांगितलं, की मी एक चाचणी केली, त्यात नातेवाईक सापडतात. आणि गप्प बसले. बराच वेळ शेंगांचाच आवाज. मग तिने मान खाली ठेवूनच विचारलं, "कोण सापडलं?"

रात्री ती बोलली. आश्रमात कागदावर सही केली, नीट, मोठ्या अक्षरात. पत्ता खोटा लिही असं बरोबर आलेल्या बाईंनी सुचवलं होतं. "मी खरा लिहिला गं. खोली नंबरासकट. म्हणून तर हलले नाही तिथून. पन्नास वर्षांत कोणी विचारायलाच आलं नाही." दहिसरला येताना तिने नवा पत्ता गिरगावच्या पोस्टमनला दोनदा लिहून दिला होता.

स्वीडनहून त्या बाईंनी पूर्वी चौकशी केली होती, तेव्हा आईचा पत्ता उपलब्ध नाही असं उत्तर आलं होतं. कागद गहाळ झाला की कोणी उघडलाच नाही, हे कळायला आता मार्ग नाही. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकविधानाला नियम घालून दिले. त्याच्या कितीतरी आधीचं हे प्रकरण.

माझी मागणी एवढीच आहे, की मुलाने शोध घ्यायच्या आधी आईलाही कुठेतरी नाव नोंदवता यावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1991 पासून अशी नोंदवही आहे. एका भागात दत्तक गेलेली माणसं, दुसऱ्यात जन्माचे नातेवाईक. भेट हवी असेल तर तसं लिहायचं, नको असेल तर तसंही लिहिता येतं. दोन्हीकडून होकार असेल तरच गाठ घालून देतात, कोणाचं दार वाजवावं लागत नाही. आपल्याकडे मूल अर्ज करतं, मग कोणीतरी आईला शोधत जातं. सुनेदेखत, शेजाऱ्यांदेखत एखादा अधिकारी विचारायला आला, तर घाबरून नाहीच म्हणणार ती. तो नकार तिचा आहे, असं मी मानत नाही. आणि ज्या बाईला खरोखरच नको असेल, तिचं "नको" आधीच लिहून ठेवलेलं असेल, तर तिच्याही दारात कोणी जाणार नाही.

भावाला हे अजून पटलेलं नाही. फोनवर तो मावशीशी हवामानाबद्दल बोलतो.

मावस बहिणीला मराठी येत नाही आणि मावशीला व्हिडिओवर बोलायचं नाही. पहिलं पत्र लिहायचं तिने ठरवलं. इंग्रजीत, स्वतःच्या हाताने. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याच्या जागी गिरगावचा पत्ता लिहून मोकळी झाली, मग मला म्हणाली, "अगं, तिथे आता खड्डा आहे. खाली दहिसरचा पण घालू ना?"